औटकी मास्तरांचा डोंगर

औटकी मास्तरांना कागद-पेन्सिल लागत नसे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बोरगाव मेघेहून वर्ध्याच्या शाळेत सायकलने पोचेपर्यंत तो त्यांचा दोनदा सुलटा आणि एकदा उलटा म्हणून होई. वाटेत लोक मुद्दाम थांबवून कापसाचे अवघड हिशेब घालत आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर ऐकून खूश होत. गावाला त्यांचं भारी कौतुक. मला जरा कमी, कारण ते माझे वडील होते आणि माझं उत्तर चुकलं की कान माझाच पिळला जाई.

"डोक्यात पाढा असला म्हंजे माणूस कोनाच्या बापाले भीत नाई," असं ते म्हणत. भीत नव्हतेच. थोडे भ्यायला हवे होते.

आई गेली तेव्हा तिच्या पाटल्या माझ्यासाठी राहिल्या. "पोरीले डागदरीन करा," एवढंच ती शेवटी बोलली होती. मी मॅट्रिक झाले, आणि नेमका त्याच उन्हाळ्यात नागपूरचा एक शेअर दलाल घरी आला. त्याने दोन कंपन्यांचे कागद पुढे ठेवले. एक भंडाऱ्याकडची मँगनीजची खाण, दुसरी हिशेबाची यंत्रं बनवणारी कंपनी. मी दोन्ही नीट वाचले.

"बाबा, खाण खणून खणून संपते," मी म्हटलं. "यंत्र तर दर कचेरीले लागन. निदान अर्धे अर्धे तरी घ्या."

मास्तरांनी चहाची बशी आपटली. "यंत्र बेरीज करन? मंग माणसाले डोकं काय टोपी ठेवाले देलं काय?"

दलाल हुशार. "मास्टरजी, खदान खुद चलके देख लो," म्हणाला. मास्तर गेले. पावलं टाकून डोंगराची लांबी-रुंदी मोजली, काठीच्या सावलीवरून उंची काढली आणि किती गाड्या माल निघेल ते उभ्या उभ्या तोंडी सांगितलं. मजुरांनी म्हणे हात जोडले. येताना एक काळा जड दगड घेऊन आले आणि तो माझ्या पुस्तकांशेजारी ठेवला. "कुसुम, या डोंगरात तुह्या सात पिढ्या डागदर होतीन!"

पाटल्या विकल्या. सगळे पैसे खाणीत गेले.

गणितात चूक नव्हती, हे मी आजही दात-ओठ खाऊन सांगते. पण त्यांनी अख्खा डोंगर मँगनीजचा धरला होता. काळा थर होता हात-दोन हात, मागे सगळा साधा खडक. दोन वर्षांत खाण बंद पडली. शेजारच्या पोस्टमास्तरांनी यंत्राचे शेअर घेतले होते, त्यांचा मुलगा डॉक्टर झाला. रक्त पाहिलं की घेरी यायची त्याला! आणि मी नागपूरच्या एका कचेरीत कारकून झाले. काम कोणतं, तर हिशेबाचं यंत्र चालवायचं.

मास्तर एकदा चिवड्याचा डबा घेऊन तिथे आले. साहेबांनी गमतीने आकड्यांची लांबलचक रांग वाचून दाखवली. मी एकेक आकडा यंत्रात घालत गेले. शेवटचं हँडल फिरायच्या आत मास्तरांनी बेरीज सांगितली. कचेरीने टाळ्या वाजवल्या.

"पाह्य कुसुम, जितलो का नाई मी?"

"जितले, बाबा. आता मी काय हारली, तेही तोंडी सांगा."

मास्तर डबा टेबलावर ठेवून हळूहळू जिना उतरले. मी खाली गेले नाही.

त्यानंतर सायकलवर त्यांचा पाढा कधी ऐकू आला नाही, असं गावचे लोक सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

मी मात्र अजून हँडल फिरवायच्या आधी उत्तर पुटपुटते, अगदी त्यांच्याच सुरात. ते दर वेळी बरोबर येतं, आणि दर वेळी मला त्यांचा तितकाच राग येतो.