एक बाई

तिन्हीसांजेला माझी मुलगी इरा जमिनीवर पालथी पडून इंग्रजीचा गृहपाठ करत होती. नामाआधी 'अ' लावायचा की 'ॲन', हे ती शब्द पुटपुटून ठरवत होती.

"अ चेअर. ॲन अंब्रेला. अ विंडो."

मी पलंगावर आईशेजारी बसून ऐकत होते. वाटलं, केवढा परकेपणा आहे या एवढ्याशा शब्दात. ती खुर्ची, ती छत्री कुणाचीच नाही, कुठली तरी एक. आपण घरातल्या खुर्चीला नुसतं खुर्ची म्हणतो. 'एक' तोंडात येतं ते अनोळखी काही समोर आलं की. दारात एक माणूस उभा आहे, असं.

आई समोरच्या कपाटाच्या आरशात टक लावून बघत होती.

"तिथं एक बाई बसलीय," ती हळूच म्हणाली. "मघापासून इकडेच बघतेय."

इराने मान वर केली. "आजी, तूच आहेस ती."

आई हसली. "मी मला ओळखते गं. माझ्या शेजारी बसलीय, तिचं म्हणतेय मी."

इरा पुन्हा वहीत बघू लागली. मी आरशात पाहिलं. आईच्या शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.