हद्दीपलीकडचा परवाना

काकूंनी माझं मीटर चौरंगावरून उचललं. नुसत्या हातानं नाही. पेपर नॅपकिनमध्ये धरून. तळघराच्या जिन्याशी सगळ्यांचे बूट काढून ठेवलेले होते, तिथे नेऊन ठेवलं.

"इथे गर्दी झालीय गं. कुणाचा धक्का लागायचा," त्या म्हणाल्या.

बुटांच्या रांगेत धक्का लागणार नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

आरती सुरू झाली.

ते मीटर पाण्याची आम्लता मोजायचं. पिवळ्या प्लॅस्टिकचं, रोज माझ्या हातात असणारं. ओहायोतल्या डब्लिनमध्ये काकांच्या घरी दर वर्षी दसऱ्याची शस्त्रपूजा होई. काका माझ्या नात्यातले नव्हेत. विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आणि इथल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ, म्हणून सगळ्यांचेच काका. सण सोयीच्या शनिवारी सरकवलेला. चौरंगाच्या मध्यभागी त्यांच्या घराण्याची तलवार, भोवती लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, कुणाचा तरी स्टेथोस्कोप. "माझा पेजर पण ठेवा, यार. सगळ्यात जास्त वार तोच करतो," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

अर्ध्या तासापूर्वी याच काकूंनी ते मीटर माझ्या हातातून घेतलं होतं. "आमच्या शास्त्रज्ञ लेकीचं शस्त्र," असं म्हणून त्याला हळदीचं खरं कुंकू लावलं होतं. त्या अर्ध्या तासात एकच गोष्ट बदलली होती. एका प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं होतं.

तो प्रश्न एका परवान्यामुळे निघाला.

मी भूजलशास्त्रज्ञ आहे. ओहायोची हद्द ओलांडून शेजारच्या राज्यात जायचं, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींजवळच्या विहिरींचं पाणी तपासायचं, हे माझं काम. खाणीतून झिरपणारं पाणी नारिंगी असतं आणि लोक ते पितात. प्रकल्प माझा होता. मीच मांडलेला, मीच मंजूर करून घेतलेला. मी एकटी जात असे. २००६च्या मार्चमध्ये एका कच्च्या रस्त्यावर पिकअप आडवा घालून दोघांनी माझी गाडी अडवली. त्यांनी मला हात लावला नाही. एकानं माझ्या गाडीतल्या नमुन्यांच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि एकेक झाकण उघडून पाणी जमिनीवर ओतलं. सावकाश.

"आमच्या पाण्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

हे वाक्य माझ्या आजोबांनी मराठीत ऐकलं होतं. मी इंग्रजीत ऐकलं.

माझा बॉस हे ऐकून हळहळला. फील्डचं काम मार्ककडे देऊ, म्हणाला. तू लॅबमध्ये सुरक्षित राहशील. प्रकल्पाचा प्रमुख फील्डवर जाणाराच असतो, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्या 'सुरक्षित'मध्ये माझी पदावनती होती. स्वतःच्या संरक्षणाची सोय करायला मी मुदत मागितली. ग्रीन कार्ड आलेलं असल्यामुळे कायद्यानं मला पिस्तूल बाळगण्याची मुभा होती. प्रशिक्षण घेतलं. ओहायोचा परवाना मिळाला. पण तो हद्दीपलीकडे चालत नव्हता, आणि माझ्या विहिरी हद्दीपलीकडे होत्या. तिथे बाहेरच्या रहिवाशाला परवाना द्यायचा की नाही, हे काउंटीचा शेरिफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, ठरवतो. त्याला दोन नावं हवी होती. नातेवाईक नसलेली, माझ्या चारित्र्याची हमी देणारी दोन माणसं.

पहिलं नाव नेमबाजीच्या रेंजवरच्या प्रशिक्षकाचं. दुसरं सुचेना. या देशात मी कित्येक वर्षं राहत होते. इंडियन ग्रोसरीत भेटल्यावर हसणारे पुष्कळ होते. माझ्याबद्दल खात्रीनं एक वाक्य बोलेल असा दुसरा माणूस माझ्याजवळ नव्हता. हे इतकी वर्षं मोजलं गेलं नव्हतं, एवढंच.

म्हणून मी काकांना विचारलं. पूजेची मांडणी झाली होती, आरतीला अवकाश होता.

"पिस्तूल?" काका हसले. "अगं, लग्नाचं बघायचं सोडून हे काय भलतंच?"

मी पिकअपची गोष्ट सांगितली. ते गंभीर झाले.

"सही करायला हरकत नाही. पण म्हणजे जबाबदारी आली. तुमचं मूळचं कुठलं गं? आडनावावरून काही कळत नाही तुझ्या."

"नागपूर. उत्तर नागपूर."

"अच्छा. मग दसरा कसा असतो तुमच्याकडे?" काका पुन्हा हसले.

इतक्या वर्षांत हे कुणी सरळ विचारलं नव्हतं. मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. पण समोरचा माणूस माझ्या चारित्र्याची हमी देणार होता. त्याला अर्धवट माहिती देणं मला शास्त्रीय वाटलं नाही.

"पांढरे कपडे घालून आम्ही दीक्षाभूमीवर जातो, काका. यंदा पन्नास वर्षं होतायत. आईबाबा सोमवारी जातील."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्यामागचा माणूस तेवढा निघून गेला. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी नॅपकिनकडे हात नेला.

"अस्सं," काका म्हणाले. "नाही, काय आहे, शस्त्र म्हणजे एक वळण लागतं गं. पिढ्यांचं. सगळ्यांनाच झेपतं असं नाही."

त्यांच्या मागे ती तलवार होती. गंजून म्यानात बसलेली. आदल्या वर्षी तिघांनी मिळून ओढून पाहिली होती, निघाली नव्हती.

आरती संपायच्या आत मी बुटांमधून मीटर उचललं आणि बाहेर पडले. कुणी थांबवलं नाही. गाडी सुरू करून बराच वेळ ती तशीच उभी ठेवली. कुणीतरी मागे येईल, असं वाटत होतं. या अपेक्षेला काहीच आधार नव्हता.

सोमवारी सकाळी बाबांचा फोन आला. नागपुरात संध्याकाळ होती. ते दीक्षाभूमीवर उभे होते, मागे गर्दीचा आवाज. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. तिथूनच निवृत्त झाले. मी सगळं सांगितलं.

"शस्त्र बनवायला आपले हात चालले, बेटा," ते म्हणाले. "तेव्हा नाही कुणी वळण विचारलं."

"बुद्धाच्या घरात पिस्तूल चालेल तुम्हाला?"

"मला नाही आवडत. पण तिथं एकटी तू उभी राहतेस, मी नाही. फक्त परवानगी कुणापाशी मागून राहिलीस, ते पाहा."

बुधवारी काकांचा फोन आला. आवाज मऊ होता.

"रागावलीस का? अगं, काकूंचं मनावर घेऊ नकोस. देतो मी सही. तू आमची लेकच आहेस. फक्त एक कर. आता कोजागिरीला येशील ना, तर तो दीक्षाभूमी वगैरे विषय काढू नकोस. लोकांना अवघडल्यासारखं होतं."

मी हिशेब स्पष्ट पाहिला. एका बाजूला सही, परवाना, विहिरी, प्रकल्प. दुसऱ्या बाजूला गप्प बसणं. शिवाय ते गप्प बसणं नवीन नव्हतं; आजवर मी ते फुकट देत आले होते. आता त्याची किंमत लावली जात होती, इतकंच. त्या किमतीमुळे ते मला पहिल्यांदा दिसलं.

"नको, काका."

"अगं, मग परवाना कसा मिळेल तुला?"

"कदाचित नाही मिळणार."

फोन ठेवला. घरात फ्रिजचा आवाज येत होता. दुसरा कसलाच नाही.

पुढच्या आठवड्यात मी शेवटचे नमुने घ्यायला गेले. यानंतर काम मार्ककडे जाणार, हे मी मनाशी धरलं होतं. एका वृद्ध विधवेच्या विहिरीवर थांबले. तिचा नवरा खाणीत होता. मीटरवर कुंकू तसंच होतं. नारिंगी पाण्यात बुडवलं, तेव्हा त्याचा लाल रंग गेला आणि ते पिवळं पडलं. हळदीचं कुंकू चुन्यामुळे लाल असतं, आम्लात पुन्हा पिवळं होतं. समोर काय आलं, त्यावर त्याचा रंग ठरतो. काकूंची आठवण झाली.

शेरिफकडे माझी हमी देशील का, असं मी त्या बाईला सरळ विचारलं. तिनं एप्रनला हात पुसले.

"तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्या सगळ्यांना या देशात येऊ द्यावं, असंही माझं मत नाही. पण तू येते म्हणतेस तेव्हा येतेस. पाणी वाईट असलं तर वाईट आहे म्हणून सांगतेस. तेवढं विचारलं तर तेवढं सांगेन."

मी तिचे आभार मानले. तिनं माझ्यावर प्रेम करावं, अशी माझी मागणी नव्हती. तिनं पाहिलेलं तेवढंच सांगितलं होतं. माझ्या लोकांना तेवढंही जमलं नव्हतं.

शेरिफच्या ऑफिसात काउंटरवरच्या माणसानं दोन्ही नावं वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या स्वतःच्या लोकांपैकी कुणी नाही?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."



परवाना आला. प्रकल्प माझ्याकडे राहिला. पिस्तूल कमरेला असतं, जड आणि थंड, वाकून बाटली भरताना बरगडीला टोचणारं. तो पिकअप पुन्हा दिसलेला नाही. पिस्तुलामुळे, असं म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. एकटेपणात फरक पडलेला नाही. हद्द ओलांडताना रेडिओचं स्टेशन खरखरत जातं, आणि पुढचं लागेपर्यंत गाडीत मी एकटीच असते.

वसंतात काकांचा पुन्हा फोन आला. काहीच न घडल्यासारखा. मंडळातल्या मुलांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम ठरवत होते. "आमच्या शास्त्रज्ञ लेकीनंच बोलायचं. मुलींना जरा प्रेरणा मिळेल."

"येईन, काका," मी म्हणाले. "पण सुरुवात मी माझ्या घरापासून करीन. आम्ही कोण, दसऱ्याला कुठे जातो, माझ्या आजोबांना कुठलं पाणी बंद होतं. तुमच्या तळघरात माझं मीटर कुठे ठेवलं गेलं, तेही सांगेन. त्यानंतर विज्ञान."



"बघतो," ते म्हणाले. "तारीख कळवतो."

तारीख आलेली नाही. हॉल त्यांचा आहे, यादी त्यांची आहे. पण जिथे कुठे मला उभं करतील, तिथे पहिलं वाक्य हेच असेल, कुणी विचारण्याआधी. ते बोलण्यासाठी मी कुणाचीही सही घेणार नाही.