डावीकडची रिकामी गल्ली

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहा आणायला उठणारा माणूस. पोट सॉफ्टवेअरवर भरतं, त्यामुळे यंत्र विचित्र वागलं की पहिला संशय कोडवर. हे मात्र आजवर कशातच बसलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय...

२००७-०८ च्या सुमारास आम्ही चेन्नईत होतो. ऑफिस शोळिंगनल्लूरला, भाड्याचा फ्लॅट वेलचेरीत, पहिल्या मजल्यावर. मी आणि माझी बायको मानसी. तिला आठवा महिना लागला होता. सासूबाई साताऱ्याहून पुढच्या आठवड्यात येणार होत्या.

माझ्याकडे हातात मावणारा एक मॉड केलेला गेम कन्सोल होता. मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलेलं, त्यामुळे लहानपणीचे ते करड्या-हिरव्या स्क्रीनचे गेम त्यावर चालायचे. आमचा लाडका म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा. मी दिसेल ती फट बुजवत सुटायचो. मानसीचं तसं नाही. डावीकडची एक उभी गल्ली रिकामी ठेवून ती लांब दांडीची वाट बघायची, आणि दांडी आली की चार ओळी एकदम साफ! वर माझ्याकडे बघून भुवया उडवायची. फार माज होता बाईला.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस. दुपारीच ऑफिस सोडलं, तर वेलचेरी दोनेक किलोमीटरवर असताना कंपनीची बस पाण्यात अडकली. मोबाइलला रेंज नाही, मानसी घरी एकटी. ड्रायव्हर निवांत होता. "तण्णी जास्ती सार, उक्कारुंग," म्हणाला — पाणी उतरेपर्यंत बसा. सगळे बसले, मीही बसलो. डोक्यात नको ते यायला लागलं, म्हणून बॅगेतून कन्सोल काढला आणि ठोकळे सुरू केले.

बटणं दाबली तरी काही होईना. ठोकळे मात्र वळत होते, सरकत होते, जागेवर बसत होते. वाटलं, बटणांत पाणी गेलं असेल. मग लक्षात आलं, डावीकडची गल्ली रिकामी राहतेय... ढीग वाढत होता आणि दांडी काही येत नव्हती. मग एकाएकी ठोकळे वळायचे थांबले. आले तसे मधोमध एकावर एक पडत गेले, पार वरपर्यंत.

मी उठलो आणि मांडीभर पाण्यातून चालत सुटलो. वाटेत स्वतःलाच शिव्या घालत होतो. खेळणं बिघडलं म्हणून माणूस असा धावतो का? पण भीती इतकी वाटत होती की थांबवेना.

किल्लीने दार उघडलं. मानसी स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती, शुद्ध नव्हती. समोरच्या फ्लॅटमधले मामा आणि मी, दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मागच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये नेलं. मामी छत्री धरून सोबत. बीपी चढून फिट आली होती, लगेच सिझेरियन करावं लागलं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अजून तासभर गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. दोघी, म्हणजे मानसी आणि आमची मुलगी.

दोन दिवसांनी मानसी नीट बोलायला लागली. मी तिला बसमधलं काहीच सांगितलं नव्हतं.

"डोकं इतकं ठणकत होतं ना... लक्ष दुसरीकडे जावं म्हणून डोळे मिटून मनातल्या मनात ठोकळे लावत स्वयंपाकघरातच बसले होते," ती म्हणाली. "पण दांडीच येईना रे. मग पुढचं काही आठवत नाही."

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, मॉडमध्ये बग असेल, तिचाच एखादा जुना डाव परत चालला असेल. असेलही. पण मग दांडी येत नव्हती, हे तिला कसं कळलं?

कन्सोल ड्रॉवरमध्ये आहे. मुलगी आता शाळेत जाते. मानसीचा फोन लागला नाही की आजही माझा हात त्या ड्रॉवरकडे जातो... आणि तिथेच थांबतो. चालू केला आणि ठोकळे न वळता मधोमध पडताना दिसले, तर?