मी न मारलेली फुली

वासुमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये आमच्या बायकांच्या मंडळाच्या नव्या पत्रकाचं प्रूफ वाचत होते. मामी एवढंच म्हणाल्या, "जेवून आडवे झाले गं, उठलेच नाहीत..." मला आधी दुःख झालं नाही. आता मामांना ते सांगायचं कसं, हेच आधी मनात आलं.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. घरात तंजावरी मराठी, गिंडी भागात रस्त्यावरच्या दिव्यांचं छोटं वर्कशॉप. कमी विजेत पुरेसा उजेड पाडायचा, हा एकच ध्यास. महापालिकेनं आमच्या गल्ल्यांतल्या नव्या दिव्यांचा नकाशा त्यांच्याकडे दिला, तेव्हा मी त्यांच्याविरुद्धच पत्रक काढलं होतं: वीज वाचवायला आमच्याच गल्ल्या सापडल्या का? ते पत्रक खिशात घालून मामा तिरुवल्लिकेणीला आमच्या दारात उभे, हातात खडूंचा डबा. "भांडण मागाहून कर, कण्णा," त्यांची लाडाची तमिळ हाक. "आधी चालून दाखव. जिथं पाऊल आपोआप भरभर पडतं तिथं फुली मार." यंत्र उजेड मोजतं, भीती मोजत नाही, असं ते म्हणत. गल्लीतल्या बायका हसत, लाजत फुल्या मारत गेल्या. वळणापासून बसस्टॉपपर्यंतचा तुकडा माझ्याकडे होता. मी खडू टेकवणार, तोच शेजारच्या लक्ष्मीअक्का म्हणाल्या, "अगो, भाषणं ठोकणारी पण घाबरते होय?" त्या वळणावर मी रोज जवळजवळ पळते. तरी हात मागे घेतला. मामांनी विचारलं, "इथं काही नाही? खरं सांग." मी म्हटलं, "काही नाही."

माझ्या शब्दावर त्यांनी वळणावरचा दिवा नकाशातून काढला. नकाशा मंजूर झाला. खरं सांगू सांगू म्हणताना... राहिलं.

तेराव्यानंतर मी महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथले इंजिनिअर अदबीने म्हणाले, "सरांनी जागेवर चालून केलेलं काम आहे, मॅडम. त्यात आम्ही हात कसा घालणार?" चूक सरांची नाही, माझी आहे, असं मी लेखी दिलं. उत्तर नाही. नवे खांब लागताना वळणावरचा जुना दिवा उतरला की मामांच्या नावाखाली माझं खोटं तिथं कायमचं राहील. उद्या तिथं कुणाला काही झालं, तर लोक मामांनाच बोलतील.

खडूंचा डबा मामींनी मला दिला. मी रोज संध्याकाळी वळणावर फुली मारते. परवा लक्ष्मीअक्का थांबल्या. खडू मागितला आणि माझ्या फुलीशेजारी आपली एक मारली. सकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी दोन्ही पुसल्या होत्या. नवे खांब गल्लीच्या कोपऱ्यात येऊन पडलेत. डब्यात साडेतीन खडू उरलेत.