आधी हवा सोडा, मग तापवा

ऑगस्टमधला पहिला रविवार, चिंचवड, सरांचं घर. हजर: सरांची मुलगी वर्षा, चाकणला टायरचं दुकान चालवणारा कदम आणि मी. सरांच्या कॉलेजला निरोप दिला होता, कोणी आलं नाही. विषय: सर गेल्यावर उरलेली कामं.

आम्ही त्यांना धडक सर म्हणायचो. वायूंचा धडा आला की ते बाकं मागे ढकलून आम्हाला हात पुढे धरून वर्गभर भटकायला लावत. भिंतीवर कोणी आपटलं की म्हणत, “हा दाब. कण सतत भिंतीला धडकतात, बाकी काही नाही.” मग “तापलं” म्हणाले की आम्ही पळत सुटायचो. धडका वाढायच्या आणि जोरात बसायच्या. शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. सरांना फिकीर नव्हती. “हवा दिसत नाही म्हणून ती गप्प बसलीय असं समजू नका,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

आमच्या वर्गातल्या संतोषला या धड्यात पैकीच्या पैकी मार्क होते. चाकणजवळच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. पुढे त्याने कदमबरोबर हायवेला टायरचं दुकान टाकलं. एका दुपारी ट्रक आला, चाकाचा नट गंजून बसलेला. कंपनीच्या गेटवर माल वेळेत पोचवायचा म्हणून ड्रायव्हर डोक्यावर उभा. हवा सोडून पुन्हा भरायची तर वेळ जाणार. संतोषने चाक तसंच ठेवून नटवर गॅसची ज्योत धरली. आतली हवा तापत गेली, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. टायर फुटला आणि संतोष जागीच गेला. माल त्याच संध्याकाळी दुसऱ्या ट्रकने रवाना झाला.

सर त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा मी सोबत होते. संतोषच्या वडिलांनी एवढंच विचारलं, “सर, ह्ये तुमी त्याला शिकिवलं न्हवतं का?”

“शिकवलं होतं,” सर म्हणाले.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, “वर्गात आपटून कोणाला लागायचं नाही गं. सगळे हसायचे. तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं असेल.”

निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो खेळ पुन्हा घेतला नाही. रविवारी मात्र ते हायवेच्या टायरवाल्यांकडे जाऊन बसायचे. पोरं टोमणे मारायची, की सर, सगळेच हवा भरायला येतात, तुम्ही एकटेच सोडायला येता. सर त्यांचा चहा घ्यायचे आणि तेच सांगायचे: आधी हवा सोडा, मग तापवा.

बैठकीत वर्षाने खाटेखालून पत्र्याच्या पाट्या काढल्या. सरांनी शेवटच्या आजारपणात त्यांवर हेच वाक्य स्वतः रंगवलेलं. दुकानादुकानांवर त्या लागाव्यात, एवढंच त्यांनी मागितलं होतं. सर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी डांगे चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावणाऱ्या कदमने एक पाटी उचलली, रुमालाने पुसली आणि परत ठेवली.

“ताई, ही लावली तर ड्रायव्हर शेजारच्या दुकानात जाईल. त्याला घाई असते.”

वर्षाने विचारलं, “तुम्ही स्वतः सोडता का हवा?”

“वेळ असला की सोडतो,” कदम म्हणाला.

पाट्या सध्या माझ्या गाडीच्या डिकीत आहेत. पहिली कदमच्या दुकानावर लावायची आहे. अजून लागलेली नाही.