आईसाठी एक कडवं

ओदिएने गावच्या दुंबिया घराण्यात गाणं वर्ज्य होतं. ते भाटांचं काम. त्या घरचा लांसिने रेगे गाणी गायला लागला, तेव्हा आईने त्याच्याशी बोलणं टाकलं नाही, पण त्याचं गाणं कधी ऐकलंही नाही. तीस वर्षं त्याने आबिजानसारख्या महानगराची मैदानं गाजवली, तरी तिने एकदा ऐकावं म्हणून तो झुरत राहिला.

यंदा बकरी ईदला तो घरी आला, तर म्हातारी तांदूळ निवडताना त्याचंच गाणं गुणगुणत होती.

"कुणाचं गं हे, आई?"

"आहे एका निलाजऱ्याचं. रेडिओ सारखा तेच केकाटतो."

"दुसरं कडवं चुकलीस."

"मग तू म्हण की! पण हळू, भाट हसतील."

पहिल्याच शब्दाला तो अडखळला आणि मान खाली घालून तांदूळ निवडू लागला. कडवं आईनेच पुरं केलं, तसंच चुकीचं.