तब्येत कमवा

भेटल्याबरोबर दादा तुमचा दंड धरायचे. रामराम त्यानंतर. दोन बोटांत मांस दाबून बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "राव, लई मऊ पडलासा की!" माझा दंड त्यांनी इतक्यांदा दाबला, की एव्हाना तो कडक व्हायला हवा होता. तुमच्याही गावात असा एखादा असेल, जो स्वतःची तब्येत सुधारली की सगळ्या गावाची सुधारायला निघतो. वारूळवाडीत ते काम दादांकडे होतं. नाव सांगत नाही, घरच्यांना आवडायचं नाही.

बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली हा त्यांचा पिढीजात धंदा. बैल पारखायची सवय माणसांवर उतरली होती, एवढंच. पोट मात्र असं, की ते मोटारसायकलच्या टाकीवर टेकवूनच गाडी चालवावी लागे. एका वर्षी त्यांनी मनावर घेतलं. सकाळी नारायणगडाच्या बाजूला चालायला जाऊ लागले, रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली. वजन असं झरझर उतरलं, की सदरे अंगावर लोंबायला लागले.

आता आमच्याकडची गंमत बघा. इकडे माणूस जाड झाला की "तब्येत झाली" म्हणतात आणि बारीक झाला की "खराब झाला". बाजारात जो तो विचारायचा, "दादा, लई खराब झालासा. काय दुखतंय का?" दादा भडकायचे. "खराब न्हाई, फिट झालोय, फिट!"

माझं नारायणगावला फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवडणूक असो, नाहीतर दशक्रिया, मी सगळ्यांना सारखंच गोरं करतो. एक दिवस दादा येऊन बसले. "मला वेबसाईट काढायचीय. फिटनेसची. मराठीत."

"नाव काय ठेवायचं?"

"तब्येत कमवा."

"दादा, या नावानं हडकुळी पोरं येतील."

"येऊ द्या की. त्यांचं बी बघू."

आणि तीच आली! लग्न जमत नसलेल्या पोरांचे फोन सुरू झाले. पोरगी म्हणते, नवरा वाऱ्यानं उडेल. दादा त्यांना दूध-शेंगदाणे सांगायचे आणि फोन ठेवून मला म्हणायचे, "च्यायला, दुकान कशाचं अन् गिऱ्हाईक कशाचं!" मग आम्ही दादांचे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले, आधीचा जाडा आणि आत्ताचा बारीक. खाली त्यांचंच वाक्य, "गोळीवर जगू नका, पायावर जगा." त्या फोटोंनी कमाल केली. जिल्ह्याबाहेरून लोक बघायला लागले. जाहिराती आल्या. वजन उतरवायची पावडर विकणाऱ्या एका कंपनीनं दर डब्यामागे दलाली देऊ केली. दलाली हा शब्द ऐकून दादा खुलले. "घ्या! धंदा त्योच, निस्ती जनावरं बदलली." पहिले पैसे खात्यात आले तेव्हा पेढे घेऊन आले. स्वतः एकही खाल्ला नाही आणि मलाही अर्धाच दिला.

तहान मात्र त्यांना फार लागायची. दुकानात बसले की पाण्याची बाटली रिकामी, की चालले मागच्या भिंतीकडे. "तुमच्या भिंतीला मुंग्या लई झाल्यात राव," असं एकदा सांगत आले. मी मुंग्यांची पावडर आणून टाकली. त्या तिथे कशाला जमतात हे दोघांनाही सुचलं नाही.

पुढे एका सकाळी गडाच्या चढावर ते चक्कर येऊन पडले. वहिनींनी दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी दुकानात आले तेव्हा त्यांनी माझा दंड धरला नाही.

"डॉक्टर म्हणला, शुगर हाय. लई दिसाची हाय. वजन तुमी उतरवलं न्हाई, आजारानं उतरवलं." मग स्वतःच्या सैल बाहीकडे बघत म्हणाले, "लोक बरोबर इचारत व्हती. खराबच झालो व्हतो मी."

मी म्हटलं, "कुणाला काय कळतंय? गोळ्या घ्या आणि गप्प राहा. वेबसाईट चाललीय, चालू द्या."

"बघू," म्हणाले. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांनाही ते पटलं होतं. पैशाची सवय लागली होती, आणि मानाची तर त्याहून जास्त.

आठवड्याभरात अवसरी बुद्रुकचं एक जोडपं दुकानात आलं. वेबसाईटवर पत्ता माझ्याच दुकानाचा होता. दादा तिथेच बसलेले. नवऱ्यानं त्यांना ओळखलं आणि थेट पायाला हात लावला. "दादा, तुमचं वाचलं आन् शुगरची गोळी सोडून दिली बघा. रोज चालतो. वजन कसं उतरलंय!"

त्याच्या एका पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"ते काय झालंय?" दादांनी विचारलं.

"चपलीनं फोड आलाय. दुखत न्हाई, म्हंजी काय इशेष न्हाई."

डॉक्टरनं दादांना त्याच आठवड्यात नेमकं हेच बजावलं होतं, की जखम दुखेनाशी झाली तर घाबरा. ते ताडकन उठले. "आजच्या आज दवाखान्यात जावा. गोळी चालू करा."

माणूस हसला. "तुमी तर सोडा म्हणता!"

दादांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "मला बी शुगर हाय. मी घेतो."

त्या माणसानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. बोलली ती त्याची बायको. "मी रोज हातापाया पडत व्हते, गोळी घ्या म्हून. तुमचा फोटू दाखवून मला गप करायचे हे."

लाजेनं माणूस खाली बघतो असं आपण म्हणतो. दादांना तेही जमलं नाही. ते त्या बाईकडे बघत उभे राहिले. लाज मलाही वाटली. वाक्य त्यांचं होतं, पण त्याच्याभोवती फुलांची चौकट मी काढली होती.

ती दोघं गेल्यावर दादा म्हणाले, "बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली हुतो, बोटं धरून. पर रुमालाखाली हात घालायच्या आदी खोड सांगायची. मारका हाय, बसका हाय, जे असंल ते. आमच्या बानं मरंस्तवर पाळलं. आन् मी खोड झाकून इकलं." मग मला मजकूर सांगितला. "माझं वजन व्यायामानं नाही, साखरेच्या आजारानं उतरलं. माझं बघून ज्यांनी गोळी सोडली त्यांनी ती आजच चालू करावी. मी चुकलो."

मी म्हटलं, "'काही वैद्यकीय कारणांमुळे' असं लिहू."

"न्हाई. आजार म्हना. अन् मोठ्या अक्षरात."

पावडरवाले पळाले, जाहिराती आटल्या. लोकांनी खाली शिव्या लिहिल्या. दादा एकेक शिवी वाचायचे आणि खाली लिहायला लावायचे, "खरं आहे." वहिनी म्हणाल्या, बंदच करून टाका ते. तर म्हणाले, "ज्यानं त्ये वाचलं, त्यानं ह्ये बी वाचाय नको का?"

अवसरीच्या त्या माणसाच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून दादा हमरस्त्यानं चालेनासे झाले. लग्नाला गेले तरी मांडवाच्या मागच्या अंगाला, हात पाठीशी बांधून उभे. त्या हातांनी पुन्हा कुणाचा दंड दाबला नाही.

बेल्ह्याचा बाजार उरकला की ते वाकडी वाट करून अवसरीला जायचे. एकदा मला बरोबर नेलं. दार बंद होतं. दादांनी कडी वाजवली. आतून त्या बाईचा करवादलेला आवाज आला, "घेतली गोळी!" दादा म्हणाले, "बरं," आणि मागे वळले.

"दादा, अपमान करून घ्यायला एवढ्या लांब यायचं?"

"आपमान कसला? वरडती म्हंजी घरात समदं ठीक हाय."

यंदाच्या उन्हाळ्यात दादा झोपेतच गेले. दिवसकार्य झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, अवसरीला तेवढं कळवा. ती बाई वाट बघत असंल." मी मनात म्हटलं, ती कसली वाट बघतेय!

भर दुपारी पोचलो. दार बंदच होतं. कडी वाजवली. मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "घेतली हो, घेतली! जावा आता." मग जरा थांबून, "ऊन लई हाय. वट्यावर तांब्या भरून ठिवलाय, पाणी पिऊन जावा. मागच्या खेपंला आला न्हाईसा."

तांब्यावर फुलपात्र पालथं घातलेलं होतं. मी ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, आणि पुन्हा कडी वाजवली.